तरुण निवडून आले, शेड्युल वनवर मात्र जुनीच नावं

जुन्या वाचनालयात तरुण येत नाहीत ही तक्रार मला आता पटत नाही. ते येतात, अभ्यासिका उघडायच्या आधीच दाराशी उभे असतात. अडतं ते त्यांना सभासद करून, निवडून आणून, त्यांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या, म्हणजे सार्वजनिक संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, दप्तरी लागेपर्यंत. आमच्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून हे सगळं मी पार पाडलं आहे आणि त्या शेवटच्या टप्प्याचा राग अजून उतरलेला नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं अभ्यासिकेचं शुल्क भरतात, पण ते शुल्क म्हणजे सभासदत्व नव्हे. वाचनालयांच्या जुन्या घटनांमध्ये, म्हणजे नियमावलींमध्ये, वर्गणीदार, साधारण सभासद, आजीव सभासद असे प्रकार असतात आणि मताचा हक्क सगळ्यांनाच असतो असं नाही. म्हणून घटनेतलं सभासदत्वाचं कलम आधी नीट वाचा. मतदानासाठी किती मुदतीचं सभासदत्व लागतं आणि उभं राहायला किती, हे पाहून तेवढं आधी अर्ज भरून घ्या. अर्ज मंजूर करणाऱ्या ठरावात प्रत्येकाचं नाव लिहा. नुसतं ‘आलेले अर्ज मंजूर’ असं लिहिलं की पुढे त्यावर कुणीही बोट ठेवतं. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 च्या कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मत देता येत नाही. तरुणांच्या बाबतीत नेमकं हेच घडतं: नोकरी लागते, गाव सुटतं, वर्गणी राहते. मतदारयादी लावण्याआधी एकेकाला फोन करून पावती फाडलेली बरी.

निवडणूक सुरळीत झाली. ज्येष्ठांनी आपणहून जागा सोडल्या, हा त्यांचा मोठेपणा. खरी कसोटी त्यानंतर लागली.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार कार्यकारिणीतला बदल 90 दिवसांत कळवावा लागतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की शेड्युल वनवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावं येतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा तसा सोपा झाला आहे: 15 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देता येते, मग 30 दिवसांची हरकतीची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर तोच आदेश कायम होतो. 90 दिवस उलटले असतील तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडता येतो.

आमचा अर्ज वेळेत होता, कागद पूर्ण होते, तरी हलेना. आमच्या शेड्युल वनवरच्या नावांपैकी काही माणसं हयातच नव्हती. मधल्या निवडणुकांचे चेंज रिपोर्ट दाखल झाले होते, पण निकाली निघाले नव्हते. टेबलावर एकच उत्तर मिळे: आधीचा सुटल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. ज्या कार्यकारिणीने निवडणूक घेतली तिलाच मान्यता नसेल तर नव्यांना कशी द्यायची, हा तर्क मला समजतो. पण ते आधीचे अर्ज त्याच कार्यालयाच्या कपाटात पडून होते! फाइल सापडली की साहेबांची बदली झालेली, नवे साहेब आले की फाइल पुन्हा गायब. एका जुन्या अर्जाच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणात तारखेवार काय झालं त्या नोंदीत, शेवटचा शेरा ‘जाहीर नोटीस काढावी’ असा होता आणि ती नोटीस निघालीच नव्हती.

म्हणून सांगतो, ‘फाइल कुठे आहे’ हे विचारत बसू नका. रोजनाम्याची नक्कल मागा. शेवटची तारीख कोणती, शेरा काय आणि पूर्तता कुणाकडे अडकली आहे, हे त्या एका कागदावर कळतं. मग लेखी अर्ज द्या की सगळे प्रलंबित चेंज रिपोर्ट क्रमाने, पण एकत्र सुनावणीस घ्यावेत. आमची साखळी सुटली ती याच अर्जाने. फाइल खरोखरच हरवली असेल तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेल्या आपल्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करायला सांगता येतं. ती पोच म्हणजे संस्थेचा दागिना, तिजोरीत ठेवा.

जुन्या अर्जांसाठी दिवंगत पदाधिकाऱ्यांचे मृत्यूचे दाखले लागले, पायउतार झालेल्यांची ना हरकत लागली. मुलांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांकडून ती मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. यापुढे पद सोडणाऱ्याकडून राजीनामा आणि ना हरकत त्याच सभेत सही करून घ्या.

तोवर तरुणांचं काय? बँकेने शेड्युल वनशिवाय नव्या कोषाध्यक्षाची सही घ्यायला नकार दिला. पद आहे पण सही नाही, अशा अवस्थेत माणूस लवकर विटतो. आम्ही ठराव केला: व्हाउचर तपासणं, कीर्द लिहिणं, चेक तयार करणं नव्या कोषाध्यक्षाकडे, सही तेवढी दप्तरी नाव असलेल्यांची. बाकीच्यांना सहीशी संबंध नसलेलं, पण खऱ्या जबाबदारीचं काम दिलं. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही) ई-ग्रंथालय या संगणक प्रणालीत चढवताना त्यांनी प्रत्येक पुस्तकाचा शीर्षकपानावरचा आणि गुप्त पानावरचा (खुणेसाठी ठरवून ठेवलेल्या आतल्या पानावरचा) दाखल क्रमांक ताडून पाहिला. क्रमांक जुळेना अशी पुस्तकं वेगळ्या घोडीवर (मांडणीवर) काढली. दिवाळी अंक योजना तर पूर्ण त्यांचीच: अंकांची निवड, विक्रेत्याशी सवलतीची घासाघीस, वर्गणी, वाटप, सगळं. खुर्च्या मांडायला तरुणांना बोलावणाऱ्या संस्थांनी ते टिकत नाहीत असं म्हणू नये.

आधी सांगायचं राहिलं ते नावांचं. चेंज रिपोर्टसोबतचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, इतिवृत्त आणि आधार, चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवं. आमच्याकडे एका सभासद मुलीचं नाव नोंदवहीत माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडला तेव्हा तो आक्षेप मिटला. नोकरीसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी असा पत्ता द्यावा, जिथे कार्यालयाचं टपाल कुणीतरी नक्की घेईल.

सभेच्या नोटिशीचंही तसंच. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला म्हणून नोटीस बजावली असं होत नाही. घटनेत लेखी म्हटलं असेल तर हातपोच वहीत सही किंवा नोंदणीसह स्पीड पोस्टची पावती हवी. नोटिशीची मुदत मोजताना पाठवल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने तिथेच घ्यायची असेल तर घटनेत ती सोय हवी आणि नोटिशीतही तसं लिहिलेलं हवं. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकांची नावं घाला, सुटे कागद चिकटवू नका.

आदेश झाल्यावर नव्या शेड्युल वनच्या प्रमाणित प्रती एकदमच जास्त मागा. एक बँकेला, एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे, एक लेखापरीक्षकाला, एक दप्तरी. प्रत्येक प्रतीवरची नावं खिडकीपाशी उभं राहूनच तपासा. काना-मात्रेची चूक घरी येऊन सापडली तर दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो.