बाणेरचा रिसेल फ्लॅट, 31 मार्चची घाई आणि कार्पेट एरियाचा घोळ : माझा अनुभव

आधी एकच सांगते. रिसेल फ्लॅट घेताय आणि बिल्डिंग रेरा कायद्याच्या आधीची, म्हणजे 2017 च्या आधीची असेल, तर जुन्या करारनाम्यात कार्पेट एरिया (घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारं क्षेत्र) लिहिलाय का ते टोकन द्यायच्या आधी बघा. नसेल तर त्याच आठवड्यात आर्किटेक्ट गाठा. मला हे कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही, ना एजंटनी, ना वकिलांनी, ना बँकेच्या माणसानी, आणि त्यापायी मार्च 2025 चा शेवटचा आठवडा आमच्या घरात कोणी धड झोपलं नाही.

फ्लॅट पुण्यात बाणेरला, 2004 ची बिल्डिंग, टू बीएचके. विकणारे काका-काकू मुलीकडे राहायला चालले होते, माणसं अगदी सरळ. 92 लाखाला ठरला. भावाची घासाघीस मी ऑनलाइन जाहिराती बघून केली नाही, कारण जाहिरातीत सगळे मागणीचा आकडा टाकतात, झालेल्या व्यवहाराचा नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे सरकारी उतारे, बघता येतात. मी चार रात्री बसून त्याच सोसायटीचे आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे 2019 पासूनचे इंडेक्स टू काढले आणि वहीत वर्षावार लिहिले. मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर 2020 ला 3 टक्के आणि मग मार्च 2021 पर्यंत 2 टक्के सूट होती ना, त्या महिन्यांत नोंदींची नुसती रांग दिसते, आणि भाव खरा चढलाय तो नंतरच्या वर्षांत. काकांनी आधी 1 कोटी 2 लाख सांगितले होते, ती वही समोर ठेवली आणि 92 वर आले. हे काम मात्र स्वतः करा, एजंटवर सोडू नका.

लोन, सोसायटीची एनओसी वगैरे झालं सगळं. आता ती 31 मार्चची घाई कशाची, तर मुद्रांक शुल्कासाठी घराचं मूल्यांकन ज्या सरकारी दरांवर करतात तो रेडी रेकनर 1 एप्रिलला बदलतो. 2023 आणि 2024 ला सरकारने दर वाढवलेच नव्हते, त्यामुळे या वेळी नक्की वाढणार असं जो तो सांगत होता (वाढलेच, पुण्यात सरासरी 4.16 टक्के). एजंट दिवसातून तीनदा फोन करायचा, मॅडम 31 च्या आत करा नाहीतर शुल्क वाढेल. मीही त्याच भीतीने 22 तारखेलाच मुद्रांक शुल्काचं चलन भरून टाकलं. फ्लॅट एकटीच्या नावावर घेतला, कारण सगळे खरेदीदार महिला असतील तरच 1 टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव मालक म्हणून आलं की गेली. 7 च्या जागी 6 टक्के म्हणजे 5 लाख 52 हजार, सरळ 92 हजार वाचले. नवरा फक्त लोनला सहकर्जदार. हे आधी बँकेशी बोलून घ्या, काही बँका अडतात.

24 मार्चला सोमवारी सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. नंबर आला दुपारी अडीचला. टेबलावरच्या माणसाने 2004 चा करारनामा उघडला, त्यात लिहिलेलं 1150 चौरस फूट. तो सेलेबल एरिया, त्यात जिना, लॉबी, सगळं लोडिंग धरलेलं, त्या काळी सर्रास तसेच करार व्हायचे. पण करारात सेलेबल हा शब्दच नाही, नुसतं क्षेत्रफळ 1150. त्याने ते कार्पेट धरलं, त्याच्यावर 1.1 ने गुणून बांधीव (भिंतींसकट) क्षेत्र काढलं आणि मूल्यांकन आलं 98 लाख. नियम असा आहे की करारातली रक्कम आणि सरकारी मूल्यांकन यात जे जास्त असेल त्यावर शुल्क. म्हणजे अजून 36 हजार भरा.

मी म्हटलं अहो फ्लॅट येऊन बघा, आत 820 च्या वर एक फूट नाहीये. तर म्हणे कागदावर जे आहे ते आम्ही धरणार. बरोबर आहे, कागदच धरणार, पण मग कुठला कागद आणला तर 820 धराल ते तरी सांगा ना! ते सांगायला कोणी तयार नाही. एकाने सांगितलं मिळकत कराचं बिल आणा, दुसऱ्या टेबलावर म्हणाले ते चालत नाही, तिसरे म्हणाले साहेबांना भेटा, आणि साहेब मीटिंगला. सत्तरीचे काका चार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाणी प्यायला खाली उतरावं लागत होतं. एजंट कानात सांगतोय 36 हजार भरून मोकळ्या व्हा, आज होऊन जाईल. मी नाही भरले. जे क्षेत्र माझं नाहीच त्याचं शुल्क मी का भरू, आणि उद्या मी विकायला काढला की पुन्हा हाच घोळ पुढच्या माणसाच्या गळ्यात.

बुधवारी आर्किटेक्ट आणला, टेपने सगळ्या खोल्या मोजल्या, गुरुवारी सहीशिक्क्याचा दाखला हातात. सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशाची प्रत काढली, सेक्रेटरींनी रविवारची वाट न बघता लगेच उघडून दिलं, त्यांचे उपकार आहेत. शुक्रवारी 28 ला परत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही, सर्व्हर स्लो, संध्याकाळपर्यंत नंबरच नाही आला. साहेब मात्र भेटले, दाखला आणि नकाशा दोन्ही बघून दोन मिनिटांत हो म्हणाले. दोन मिनिटं! हेच सोमवारी कोणी सांगितलं असतं तर काकांची ती फेरी वाचली असती.

रविवारी पाडवा होता. सासूबाईंना पाडव्याच्या आत रजिस्ट्री व्हायला हवी होती, त्या गप्प गप्पच होत्या. गुढी उभारून झाल्यावर मी वही घेऊन बसले. 820 धरून मूल्यांकन येतं साधारण 70 लाख. त्यात चार-पाच टक्के वाढले तरी 73 पर्यंत जाईल, आणि माझा करार 92 चा. म्हणजे 1 एप्रिलनंतर केला तरी शुल्क तेवढंच, एक रुपया जास्त नाही! नवऱ्याला तीनदा आकडे करायला लावले, तेच उत्तर. बाणेर, औंध अशा भागात बाजारभाव बऱ्याचदा रेकनरच्या वर असतो, तिथे ही घाई आपल्या कामाचीच नाही. ज्यांचा करार रेकनरच्या आसपास आहे त्यांनी जरूर पळावं.

4 एप्रिलला गेलो. आमच्या पुढे फक्त दोन पार्ट्या. काकांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, तिसऱ्या वेळी ओला रुमाल फिरवून लागला, तेव्हा ज्येष्ठ माणूस असेल तर रुमाल ठेवा जवळ.

हो, 50 लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस खरेदीदारानेच कापून भरायचा असतो, महिना संपल्यापासून 30 दिवसांत (2025 ला त्याचा फॉर्म 26क्यूबी होता). माझ्या वकिलांनी हे पैसे द्यायच्या आदल्या रात्री सांगितलं. आणि सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम म्हणून 25 हजारांच्या वर मागत असेल तर उपविधी दाखवा, महापालिका हद्दीत तेवढीच कमाल मर्यादा आहे.

इंडेक्स टू वर आता 76.18 चौरस मीटर कार्पेट असं स्वच्छ छापून आलंय. मी त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात, एक सोसायटीच्या कपाटात, त्या नकाशाच्याच फाइलमध्ये.