खाच पडलेले रबरी चाक

वडिलांनी जमवलेल्या चाळीसएक एलपी रेकॉर्ड आमच्या अंबाजोगाईच्या घरी लोखंडी कपाटात पडून होत्या; वाजवायला यंत्र मात्र नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला जुन्या सामानाच्या एका दुकानात गॅरार्ड एसपी-25 हे इंग्लंडमधील स्विंडन येथे तयार झालेले टर्नटेबल मला साडेतीन हजार रुपयांना मिळाले. विक्रेत्याने रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरवून दाखवली आणि तेवढ्यावर मी समाधान मानले. घरी येऊन पहिली रेकॉर्ड लावली, तर तानपुऱ्याचा षड्ज हेलकावे खात होता आणि गाण्यामागे ‘धप् धप्’ असा बारीक ठोका सतत ऐकू येत होता.

ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच ‘सुई गेली असेल’ असे निदान केले, म्हणून मी 1,800 रुपयांची नवी सुई मागवली. ठोका होता तसाच राहिला. तेव्हा कुठे मी शांत बसून मोजायला सुरुवात केली. एलपीच्या गतीला, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना, थाळीचा एक फेरा 1.8 सेकंदांत पूर्ण होतो. दोष रेकॉर्डमध्ये किंवा थाळीत असता, तर ठोका फेऱ्याला एकदाच पडला असता. येथे तो पाच-सहा वेळा पडत होता, म्हणजे थाळीहून जलद पण मोटरहून बऱ्याच हळू फिरणाऱ्या भागात खोट होती, आणि असा भाग या यंत्रात एकच असतो.

थाळी उचलली की तो समोरच दिसतो. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक पितळी पुली असते. रबरी कडेचे एक चाक एका बाजूने त्या पुलीला आणि दुसऱ्या बाजूने थाळीच्या आतल्या काठाला टेकते व फिरणे पुढे पोहोचवते. गती बदलली की हे चाक पुलीच्या वेगळ्या पायरीवर जाते, आणि यंत्र खटक्याने बंद केले की ते पुलीपासून सुटते. आधीच्या मालकाने बहुधा भिंतीवरचेच बटण बंद करून यंत्र वर्षानुवर्षे तसेच ठेवले असावे, कारण चाकाच्या कडेवर पुली रुतून नखाला लागेल इतकी खाच पडली होती आणि उरलेले रबर घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

चाक काढताना त्याची हरभऱ्याएवढी क्लिप उडाली आणि दोन दिवसांनी, जुन्या स्पीकरचे चुंबक फिरवल्यावर, ज्वारीच्या कोठीखाली सापडली. थाळीच्या बेअरिंगमधले ग्रीस लाखेसारखे कडक झाले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने ते काढायला अख्खा रविवार गेला. मोटरच्या बुशांना, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब पुरले. तेल रबराला लागता कामा नये, एवढे सांभाळले.

चाक मात्र लातूरला, छापखान्यांचे रबरी रोलर घासून देणाऱ्या एका कारागिराकडे न्यावे लागले. त्याने ते बोटांत फिरवून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, खाच जाईपर्यंत घासलं तर माप कमी होईल. चाल बदलणार नाही का याची?”

प्रश्न अगदी रास्त होता. पण मधल्या चाकाचा व्यास गतीच्या हिशेबात येतच नाही: पुलीच्या कडेचा जो वेग, तोच चाकाच्या कडेचा आणि तोच थाळीच्या काठाचा. चाक लहान झाले, तर ते स्वतः जास्त फेरे घेते, इतकेच. मी त्याला कागदावर तीन वर्तुळे काढून दाखवली. त्याने मिलिमीटरभरही रबर न घालवता खाच काढली आणि कड समतल केली.

गती तपासायला थाळीवर ठेवायची, सारख्या अंतरावर पट्ट्या छापलेली चकती लागते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि त्या उजेडात 180 पट्ट्यांची चकती 33⅓ गतीला स्थिर दिसते. अडचण अशी की, आमच्या घरात आता सगळीकडे एलईडी दिवे आहेत आणि त्यांच्या उजेडात पट्ट्यांचा नुसता राखाडी पट्टा दिसत होता. शेवटी टर्नटेबल उचलून माडीवरच्या अडगळीच्या खोलीत नेले, कारण जुनी ट्यूब फक्त तेथेच उरली होती. सुरुवातीला पट्ट्या हळूहळू मागे सरकत होत्या, म्हणजे गती कमी होती. दहा मिनिटांत तेल मुरून मोटर गरम झाल्यावर त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मग खाली येऊन तीच रेकॉर्ड पुन्हा लावली आणि पेटी घेऊन बसलो. गायकाचा षड्ज माझ्या पेटीच्या ‘काळी एक’ या पट्टीशी बरोबर मिळाला, ठोका नाहीसा झाला होता आणि तानपुरा शेवटपर्यंत हलला नाही. रेकॉर्ड संपल्यावर सुईचा दांडा (आर्म) आपोआप परत येण्याची या यंत्रातली सोय अजून बिघडलेली आहे, त्यामुळे प्रत्येक बाजू संपली की उठून सुई हाताने उचलावी लागते. त्या कळीला मी अद्याप हात लावलेला नाही.