समुद्राचा उतारा कुणाच्या नावावर?

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेचा बेटांचा पुंजका. लाटा आणि भरती-ओहोटीवर वीज काढणारी यंत्रं तपासायचं केंद्र इथं २००३ पासून आहे. माझं काम त्याच धंद्यात, पण कागदांच्या बाजूला. खानापूरच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "वीज राहू दे रे, समुद्राचा उतारा कुणाच्या नावावर निघतोय?" जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस, नेमकं दुखणं ओळखलं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचा तळ बहुतेक राजघराण्याच्या मालमत्तेत मोडतो, कारभार क्राऊन इस्टेट स्कॉटलंडकडे. भाडेपट्टा त्यांच्याकडून, २०१० च्या कायद्याखालचा सागरी परवाना सरकारकडून. शिवाय २००४ च्या ऊर्जा कायद्यामुळं यंत्र शेवटी काढून कसं नेणार आणि पैसा कुठून आणणार, हेही सरकार लिहून मागतं. हे मला फार पटलं. आपल्याकडं बोअरला पाणी लागलं नाही की भोक तसंच उघडं!

खरी मजा केबल किनाऱ्याला लागली की. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला मुलीच्या हुंड्याचे पैसे जमेनात, म्हणून त्यानं ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडं गहाण टाकलं. गहाण काही सुटलं नाही, पण 'उडाल' नावाचा जुना नॉर्स कायदा मागं राहिला. त्यामुळं भरती आणि ओहोटीच्या रेघांमधला पट्टा इथं लगतच्या शेतमालकाचा. काळे खडक, त्यावर घसरडं शेवाळ, फुकट दिली तरी कुणी घेणार नाही अशी जागा. पण केबल तिथून न्यायची तर आधी त्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा.

काका खूश. "आपली महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची रेघ १९५६ ची, तरी कागद अजून कोर्टात. यांचं तर १४६८ चं! बरं, वेंगुर्ल्याचं काय?"

आंबोली उतरलं की लागतो तो समुद्र. तिथं १२ मैलांपर्यंत मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, तळ मात्र घटनेच्या कलम २९७ नुसार केंद्राचा. भरती, वारा, प्रवाह यांतून ऊर्जा काढायचा २०० मैलांपर्यंतचा हक्क १९७६ च्या कायद्यात लिहिलेला आहे. २०१९ मध्ये केंद्रानं समुद्री ऊर्जेला नवीकरणीय ठरवलं. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी २०२३ मध्ये भाडेपट्ट्याचे नियमही आले, लाटा अजून रांगेत.

"म्हणजे पापलेट महाराष्ट्राचं आणि त्याच्याखालची वाळू दिल्लीची," काका म्हणाले. "वकील मंडळी जगणार बघ."