आईच्या मातीसाठी लागलेला दाखला

आई गेली त्या गुरुवारी दुपारी साडेतीनला, पुण्यात माझ्या घरीच, झोपेत. शुक्रवारी चार वाजता तिची माती झाली. मधला जवळजवळ सगळा वेळ एका कागदापायी गेला. त्याला आता चार महिने झाले, तरी माझा राग गेलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या आईवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

डॉक्टरांचं काही अडलं नाही. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो. आमचे डॉक्टर अर्ध्या तासात आले आणि लिहून देऊन गेले. महापालिकेचा पासही संध्याकाळपर्यंत हातात होता.

अडलं ते चर्चच्या ऑफिसात.

आई नगर जिल्ह्यातली. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, त्यातून पुढे खेडोपाडी ज्या मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्च, उभ्या राहिल्या, त्यांतल्या एका मंडळीत तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं. बाबा गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. या नऊ वर्षांत पायात चालायचं बळ होतं तोवर तिने एक रविवार चुकवला नाही. वेदीवरचं कापड ती घरी आणायची, हाताने धुवायची, इस्त्री करून चार घड्या घालून शनिवारी परत न्यायची. महिला मंडळातल्या सगळ्याजणी तिला आई म्हणायच्या. पण गावच्या मंडळीतून सभासदत्वाच्या बदलीचा दाखला आणायचा राहून गेला. दर वर्षी नाताळाला गावी जाताना "या वेळी आणू" म्हणायचो.

ऑफिसातल्या गृहस्थांनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. आमच्या कुटुंबाच्या पानावर माझं, यजमानांचं आणि मुलीचं नाव. त्याखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, त्यांचं नाव कुठे आहे? सभासद नसेल तर दफनभूमीत जागा देता येत नाही." मी वर्गणीच्या पावत्या दाखवल्या. आई स्वतःच्या पेन्शनीतून दर महिन्याला पैसे घालायची, पण पाकीट आमच्या कुटुंबाचं, म्हणून पावत्या सगळ्या माझ्या नावाच्या. पाळकसाहेब परगावी होते. फोनवर त्यांनी प्रार्थना केली, मनापासून केली, आणि म्हणाले, "कमिटीचा नियम आहे, दाखला तेवढा मागवून घ्या."

गावच्या पाळकांकडे तीन गावं आहेत. ते लगेच निघाले, पण रजिस्टरच्या कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार श्रीरामपूरला लेकीकडे. रात्री साडेनऊला किल्ली आली. दाखल्याचा फोटो मोबाइलवर आला, तो मी ऑफिसातल्या गृहस्थांना पाठवला. उत्तर आलं : मूळ प्रत, शिक्क्यासह. मी फोन करून म्हणाले, "भाऊ, माणूस घरात ठेवलंय." ते म्हणाले, "समजतंय हो." समजत होतं, तर मग का? जागेची टंचाई मला कळते, नियम का झाला तेही कळतं. पण ज्या बाईने नऊ वर्षं तुमच्या वेदीचं कापड धुतलं, ती कोण हे कागदाने सांगायचं?

मामेभाऊ पहाटेच्या एसटीत बसला. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला होता. साडेआठला शिवाजीनगरला उतरला. ऑफिस दहाला उघडलं, परवानगी सव्वाअकराला मिळाली.

म्हणून सांगते, गावाहून आईवडील तुमच्याकडे राहायला आले असतील तर याच महिन्यात दाखला आणा आणि नाव रजिस्टरमध्ये चढलेलं स्वतः डोळ्यांनी बघा. वर्गणीची पावती त्यांच्या नावाने फाडायला सांगा. घरची जुनी कबर असेल तर ती दुसऱ्या दफनासाठी पुन्हा किती वर्षांनी उघडता येते तेही विचारून ठेवा, प्रत्येक दफनभूमीचा नियम वेगळा असतो.

ती रात्र मात्र मी विसरणार नाही. महिला मंडळातल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत. शीतपेटीभोवती बसून पहाटेपर्यंत गात राहिल्या. मध्यरात्री मुलीने आजीची वही आणली. शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात, "माझ्या मातीच्या वेळी". खाली सात गीतांचे नंबर. पांढरी साडी ट्रंकेत खालून दुसरी. तेविसावं स्तोत्र नातीने वाचावं, घाई करू नये. "रडा, पण उपाशी राहू नका. मी प्रभूकडे चालले आहे." सगळं लिहिलं होतं, दाखल्याचं तेवढं नव्हतं. तो आणणं माझं काम होतं.

लहानपणी तिने आम्हाला केडगावला मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या आश्रमात, त्यांची कबर दाखवायला नेलं होतं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, हे ती आम्हाला कबरीपाशी उभं राहून सांगत होती. "पुन्हा भेट आहे हे ठाऊक असलं की हात चालतात," म्हणाली होती. त्या रात्री ते वाक्य मला धरून बसायला पुरलं.

आणखी एक राहिलं. दफनभूमीची पावती जपून ठेवा, मृत्यूची नोंद करताना लागते. नोंद २१ दिवसांच्या आत करा, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. पेटी करणाऱ्याला उंची आणि खांद्याची रुंदी दोन्ही सांगा. आम्ही नुसती उंची सांगितली आणि त्याला दुसऱ्यांदा यावं लागलं.

मुलीने स्तोत्र वाचलं, घाई न करता. सातही गीतं झाली. सहाव्याला ऑफिसातले गृहस्थही गात होते, पुस्तक न बघता.

आईने आजारी पडण्याआधी धुतलेलं वेदीचं कापड आमच्या कपाटातच होतं. रविवारी उपासनेआधी मी ते नेऊन वेदीवर घातलं. तिने घातलेल्या चार घड्यांच्या रेघा कापडावर उठून दिसत होत्या.