हिब्रूवाले सर आणि केळ्याची बेराखा

स्मरणिका समितीचा मेसेज ग्रुपवर आला की माजी विद्यार्थ्यांनी आपापलं मनोगत महिनाअखेर पाठवावं, तेव्हा मी आधी दुर्लक्षच केलं. आयुष्यभर रेल्वेच्या अकाउंट्समध्ये आकडे लिहिले, मनोगत कुठून लिहिणार. पण मिसेस म्हणाली, शाळेचं नाव निघालं की तासभर बोलता ना, तेच लिहा. मग बसलो. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकरांनी लावलेल्या आपल्या बेने इस्रायल (म्हणजे मराठी ज्यू) समाजाच्या शाळेला दीडशे वर्षं झाली म्हणजे साधी गोष्ट नाही, त्यावर इतर लोक व्यवस्थित लिहितीलच, कोण ट्रस्टी होते, इमारत कशी उभी राहिली वगैरे. माझी आई रिबेका रूबेन बाईंच्या हाताखाली शिकलेली (१९०५ च्या मॅट्रिकला युनिव्हर्सिटीत पहिल्या आलेल्या बाई, हे आई भाजी निवडतानासुद्धा ऐकवायची), तिच्या आठवणी लिहायच्या तर वेगळा लेख होईल. मी फक्त आमच्या हिब्रूवाल्या सरांबद्दल लिहिणार आहे. नाव लिहीत नाही, माझगावच्या शाळेत साठच्या दशकात जो कोणी होता त्याला "हिब्रूवाले सर" म्हटलं की पुरे.

सर म्हणजे पांढरा शर्ट, काळी टोपी, खिशाला शाईचा डाग, आणि आवाज असा की जिन्याखाली पाण्याच्या पिंपापाशी उभं राहिलं तरी वरच्या वर्गात कुठला पराशा (तोराचा त्या आठवड्याचा भाग) चाललाय ते कळायचं. शाळेत हिब्रू शिकवायचे, शनिवारी जुन्या मशिदीत सेफेर (तोराची गुंडाळी) वाचायचे, आणि समाजात कोणाकडे लग्न असो, मलिदा (गोड पोह्यांचं ताट मांडून करायचा आपला विधी) असो, मयत असो, सर हजर. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, आपली म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. सॅम्युएल स्ट्रीटवरची ती जुनी आणि डोंगरीतली १८४० ची ती नवी. मस्जिद स्टेशनचं नाव आपल्या जुन्या मशिदीवरून पडलं हे सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे. आणि लगेच पुढे समाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट, टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले म्हणून नवस फेडायला १७९६ साली मशीद बांधली ती. आम्हाला ती इतकी पाठ होती की सरांनी "टिपू" म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी उरलेलं हळूच पुरं करायचं. सरांना ऐकू जायचं, पण काही बोलायचे नाहीत.

त्यांची शिकवायची पद्धत साधी होती, पण आता लक्षात येतं किती विचार होता त्यात. आधी हिब्रू मोठ्यानं, मग मराठी, मग परत हिब्रू. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणलेल्या प्रार्थनांची पुस्तकं त्यांच्याकडे होती, पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या, ती कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, स्वतः धरून उभे राहायचे आणि आम्ही डोकं घालून वाचायचो. अर्थ सांगता आला नाही तर पुढची ओळ नाही. सणांची नावं दोन्ही घोकून घ्यायचे, रोश हशाना (नवीन वर्ष) म्हटलं की नव्याचा सण, तिशाबाव (शोकाचा उपास) म्हटलं की बिरड्याचा सण. घरी आज्जीला हिब्रू नावं येत नाहीत म्हणून तिला काही कळत नाही असं समजू नका, कोकणात सेफेर नव्हता, पुस्तक नव्हतं, तेव्हा वालाच्या बिरड्यावर बायकांनी हा धर्म सांभाळलाय, असं एकदा चांगलंच खडसावून म्हणाले होते. बाकी शेमा ही मुख्य प्रार्थना सगळ्यांनाच येत होती.

आता केळ्याची गोष्ट. हीच लिहायची म्हणून खरं तर बसलोय.

त्या वर्षांत दर थोड्या दिवसांनी कोणीतरी इस्रायलला निघायचं. आधी घरातली कपाटं विकायला निघायची, मग जाणाऱ्याच्या घरी मलिदा, मग वर्गात एक जागा रिकामी. आमच्या वर्गातला एकजण, उमरखाडीत आमच्या पलीकडच्या चाळीत राहायचा, त्याच्या घरचा मलिदा होता. सर आम्हा मुलांना मुद्दाम घेऊन गेले, म्हणाले वर्गात सांगून काय कळणार, ताट बघा. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, मधोमध पितळी परात. भिजवलेले पोहे, त्यात गूळ, खवलेला नारळ, वेलची, वर बदाम-पिस्ते पेरलेले, भोवती खजूर, सफरचंद, केळी, बाजूला गुलाब. एलियाहू हन्नाबीचं (एलिया पैगंबराचं) गाणं झालं, सगळ्यांचे आवाज चढलेले, आणि मग बेराखांची, म्हणजे खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनांची, पाळी आली. खजुरावर "बोरे पेरी हाएत्स", म्हणजे झाडाचं फळ निर्माण करणारा. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग सरांनी केळं उचललं आणि "बोरे पेरी हाअदामा" म्हणाले, म्हणजे जमिनीचं फळ.

तेवढ्यात आमच्यातला एक, कायम नको तिथे तोंड उघडणारा, म्हणाला, सर, केळं तर झाडाला लागतं. एवढ्या माणसांत. त्याच्या आईनं आतून डोळे वटारले. मला वाटलं आता सर सगळ्यांसमोर वाजवणार. सर खाली बसले, केळं हातात तसंच, आणि यजमानांच्या म्हाताऱ्या वडिलांना विचारलं, नाना, अलिबागला तुमच्या वाडीत केळी आहेत ना? आहेत की. घड उतरवला की खोडाचं काय करता? तोडून टाकतो, नाना म्हणाले, त्याला परत थोडंच लागणार, बाजूनं पिल्लू फुटतं ते वाढतं. मग सर त्या पोराकडे वळले. आंब्याचं खोड पुढल्या वर्षी तेच राहतं, त्यालाच परत मोहोर येतो, ते झाड. केळीचं खोड एकदा घड देऊन संपलं, म्हणून आपल्या शास्त्रात ते झाड नव्हे, त्याची बेराखा जमिनीची. कळलं? आता तू म्हण. आणि त्या पोरालाच सगळ्या जमातीसमोर केळ्याची बेराखा म्हणायला लावली. त्यानं म्हटली, घाबरत घाबरत, पण एक अक्षर चुकलं नाही. नाना एवढे खूश झाले की परातीतली सगळ्यात मोठी मूठ त्याच्या हातावर. मला त्या दिवशी राग आला होता की प्रश्न मला का नाही सुचला.

तो मुलगा पुढे इस्रायलमध्ये दिमोनाला गेला, आता आजोबा आहे, व्हॉट्सॲपवर अजून केळ्याचे फोटो टाकतो.

१९६४ चा तो काळ तर सरांना फार लागला. इस्रायलमधले काही रब्बी (धर्मगुरू) बेने इस्रायलांच्या लग्नांवरून शंका काढत होते, आपले लोक पुरते ज्यू आहेत की नाही म्हणून, आणि तिकडे गेलेल्या आपल्याच माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. सर वर्गात पेपर घेऊन यायचे, वाचायचे, घडी घालून ठेवून द्यायचे आणि मग नेहमीपेक्षा जास्त मोठ्यानं शिकवायचे. ऑगस्टमध्ये बातमी आली की तिथल्या संसदेनं बेने इस्रायल सर्व बाबतीत बाकी ज्यूंसारखेच असं जाहीर केलं, त्या दिवशी सरांनी कधी नव्हे ते पेढे आणले. शाळेतल्या सगळ्यांना दिले, ज्यू असो नसो, शिपायालाही. म्हणाले कशाबद्दल ते विचारू नका, खा. घरी पप्पांना सांगितलं तर पप्पा म्हणाले, आमच्या शनवार तेल्यांना (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, हे आपलं कोकणातलं जुनं नाव) सर्टिफिकेट कशाला पाहिजे होतं. दोघांचंही खरं होतं असं मला वाटतं.

दुसरा एक किस्सा सांगतो आणि मग आवरतो (मिसेस म्हणते दोन पानं कधीच झाली). माझं बार मित्झ्वा (तेराव्या वर्षी मुलगा धर्मानं मोठा होतो तो विधी) झालं त्याच्या पुढच्याच काही महिन्यांतला. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सर गाडीत बसायचे नाहीत, माझगावहून जुन्या मशिदीपर्यंत चालत, वाटेत उमरखाडीला आम्ही दोघंतिघं पोरं त्यांना जॉइन व्हायचो. त्या दिवशी पाऊस असा की डोंगरीत गुडघाभर पाणी. मशिदीत पोचलो तर माणसं कमी. दहा पुरुषांशिवाय सेफेर बाहेर निघत नाही, आणि माणसं एक दोन तीन करून मोजायची नाहीत, म्हणून सरांनी शिकवलेलं की दहा शब्दांचा पासूक (शास्त्रातली ओळ) म्हणायचा, माणसागणिक एक शब्द. होशिया, एथ, अम्मेखा, उबारेख, असं सर नुसत्या नजरेनं एकेकावर फिरत गेले, माझ्यावर "वेनस्सेएम" पडला (मी पहिल्यांदा मोजला जात होतो, अंगावर काटा आला), आणि शेवटी "अद" वर येऊन थांबले. "हाओलाम" ला माणूस नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं फक्त. मी धावत चाळीत. तळमजल्यावरचे काका घरी होते, पण अर्धी दाढी केलेली, एका गालावर साबण. शब्बाथच्या दिवशी दाढी! मला बघून त्यांची पण पंचाईत. मी म्हटलं काका, सरांनी बोलावलंय, नववे झालेत. काकांनी टॉवेलनं साबण पुसला, टोपी घातली आणि तसेच माझ्याबरोबर निघाले, एक गाल गुळगुळीत, एक गाल खरखरीत. आत शिरताना त्यांनी शॉल ओढून अर्धं तोंड झाकलं होतं. सरांनी मान वर केली, "हाओलाम" म्हणाले, आणि हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचं कपाट, उघडायला सांगितलं. संपल्यावर हात बोशी करताना, आपल्यात दोन्ही हातांत हात घेऊन मग बोटं ओठांना लावतात तसं, सर काकांना एवढंच म्हणाले की दुसरी बाजू आता संध्याकाळनंतर करा. काका नंतर दर शनिवारी यायला लागले. पूर्ण दाढी वाढवून.

असा माणूस कुठून आणायचा आता. रागवायचे ते हिब्रू चुकलं तर, माणूस चुकला तर नाही.

माझं म्हणाल तर रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मुलं इस्रायलमध्ये अश्दोदला, आम्ही ठाण्यात, १८७९ च्या आपल्या शाआर हशामाईम मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मुद्दाम घर घेतलं, त्यामागे सरच आहेत. ठाण्याला माणसं जमतात, बरं चाललंय. २०१६ ला महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा कागदपत्रांच्या कामात मीही थोडी मदत केली, लेजर लिहिण्याचा तेवढा उपयोग. नातवाला झूमवर हिब्रू शिकवायला गेलो तर तो मलाच शिकवतो, आजोबा "शब्बाथ" नाही "शब्बात". मी म्हटलं तुझं तुझ्याजवळ ठेव, मी सरांसारखंच म्हणणार. मराठी मात्र त्याला येते बऱ्यापैकी, सून घरी मराठीच बोलते आणि तिकडे निघणारं "मायबोली" हे मराठी मासिक घरात येतं.

मुंबईतलं मात्र बघवत नाही. उमरखाडीची आमची चाळ गेली, तिथे टॉवर. जुन्या मशिदीच्या गल्लीत हातगाड्या आणि गोण्यांमधून वाट काढत जावं लागतं आणि कोणाच्या वर्षश्राद्धाला दहाजण जमवायचे तर आदल्या दिवसापासून फोन. शाळेत आता आपली मुलं जवळजवळ नाहीतच, बहुतेक मुलं मुस्लिम कुटुंबांतली आहेत, शिकतायत, शाळा भरलेली आहे याचा आनंदच आहे. मागे गेलो होतो तेव्हा गेटवर एका मुलानं मला विचारलं, अंकल आप यहाँ पढ़ते थे? हो म्हटलं. कौनसे सर थे? मी त्याला सरांबद्दल सांगायला लागलो तर बेल झाली आणि तो पळाला.

सर शेवटपर्यंत इस्रायलला गेले नाहीत. भावंडं गेली, सारखी बोलावत होती. विचारलं की म्हणायचे, शेवटच्या मुलाचा पराशा पुरा होऊ दे. तो कधी झालाच नाही, दर वर्षी एखादा नवीन यायचाच.

समितीला एक विनंती आहे. स्मरणिकेत शिक्षकांच्या फोटोंचं पान आहे असं कळलं. सरांचा धड फोटो माझ्याकडे नाही, जो आहे त्यात ते सिमहाथ तोराच्या (तोरा वाचून पुरा झाल्याच्या आनंदाच्या सणाच्या) गर्दीत सेफेर घेऊन नाचतायत आणि चेहरा हललाय. १९६० ते ७० मधल्या कोणाकडे वर्गाचा ग्रुप फोटो असेल, खुर्चीवर डावीकडून दुसरे, काळी टोपी, तर कृपया ऑफिसमध्ये स्कॅन करून द्या. नाही मिळाला तर तो नाचतानाचाच छापा, मी पाठवतो.