शरद : पिकण्याचा आणि निवळण्याचा ऋतू

‘शरद्’ या शब्दाचा अर्थ शोधू लागले की पहिली गाठ पडते ती वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन यास्काशी. त्याच्या निरुक्त या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात त्याने या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत : ‘शृता अस्यामोषधयो भवन्ति’ आणि ‘शीर्णा आप इति वा’. ज्या ऋतूत ओषधी पक्व होतात तो शरद्, किंवा ज्यात पाणी ओसरते, त्याचा जोर मोडतो तो शरद्. ओषधी म्हणजे केवळ औषधी वनस्पती नव्हेत. फळ पिकले की जिचे आयुष्य संपते ती ओषधी, अशी अमरकोश या संस्कृत शब्दकोशाची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत आपले भात नेमके बसते.

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्यासारखीला या दोन्ही व्युत्पत्ती पटवून घेण्यासाठी ग्रंथांत फार दूर जावे लागत नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आषाढ-श्रावणात तांबडी माती घेऊन धावत असते. आश्विन लागला की तिचा वेग उतरतो, गाळ खाली बसतो आणि तळाचे दगड स्वच्छ दिसू लागतात. त्याच सुमारास खाचरांतले भात पिवळे पडू लागते आणि घराघरांत कापणी-मळणीच्या गोष्टी सुरू होतात. या दिवसांना आम्ही सुगी म्हणतो आणि आमचे कन्नड शेजारी सुग्गी म्हणतात. यास्काची पहिली व्युत्पत्ती समजून घ्यायला मला हा बोलीतला शब्द अधिक उपयोगी पडला.

म्हणूनच इंग्रजीतील ‘ऑटम’साठी मराठीत सरसकट ‘शरद’ लिहिले आणि लगेच पानगळीचे वर्णन जोडले की ते मला खटकते. आपल्याकडे पानगळ शिशिराची. सह्याद्रीच्या उतारावरची झाडे आश्विनात हिरवीगार असतात. पाने गळतात ती माघ-फाल्गुनात. शरदाच्या नावात पिकणे आहे, पाण्याचे ओसरणे आहे, पण झाडाचे उघडे होणे नाही. वैयाकरण हा शब्द ‘शॄ’ या धातूपासून साधतात. त्याचा अर्थ हिंसा करणे, मोडणे असा असला तरी टीकाकार तो पिकून वाळणाऱ्या वनस्पतींनाच लावतात.

पाणी निवळण्याचा अर्थ आयुर्वेदानेही जपला आहे. दिवसा सूर्याने तापलेल्या, रात्री चंद्राने निवलेल्या आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेल्या शरदातील पाण्याला चरकसंहितेत ‘हंसोदक’ म्हटले आहे. ऊन मात्र याच ऋतूत पित्त वाढवते, आणि त्यामुळे रुग्णांची संख्याही वाढते, म्हणून ‘वैद्यानां शारदी माता’ हे वचन रूढ झाले.

या उन्हाशी आधुनिक भाषाशास्त्राचाही संबंध आहे. शरद्शी नाते सांगणारा ओसेटियन या कॉकेशसमधील इराणी भाषेतील शब्द ‘उन्हाळा’ या अर्थाचा आहे, आणि त्यावरून काही अभ्यासक मूळ धातूचा अर्थ ‘ऊब’ असा मानतात. यास्क आणि हे अभ्यासक यांचे मत जुळत नाही, आणि व्युत्पत्तीचा इतिहास म्हणून मला अभ्यासकांचे म्हणणे अधिक सबळ वाटते. तरी ज्यांनी हा शब्द शतकानुशतके वापरला त्यांना त्यात काय ऐकू येत होते, हे यास्कच सांगतो.

वेदात मात्र शरद् म्हणजे अनेकदा अख्खे वर्ष. ‘पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्’ या ऋग्वेदातील प्रार्थनेत शंभर शरद म्हणजे शंभर वर्षे. ऋतूवरून वर्ष मोजण्याची ही रीत एकट्या शरदापुरती नाही. ‘शतं हिमाः’ म्हणताना हिवाळे मोजले जातात, आणि आपला ‘वर्ष’ शब्द पावसावरूनच आला आहे. शरद्चा इराणी भाऊ अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘सरद’, तर प्राचीन फारसीत ‘थर्द’ या रूपात आढळतो, आणि दोन्हींचा अर्थ वर्ष. पुढे फारसीत ‘र्द’चा ‘ल’ झाला. संस्कृत ‘हृद्’चा फारसी भाऊबंद ज्या बदलाने ‘दिल’ झाला, त्याच बदलाने ‘थर्द’चे ‘साल’ झाले, आणि राज्यकारभारातून ते मराठीत येऊन रुजले.

आमच्याकडे भाद्रपद संपत आला की देवळांच्या पत्रिका वाटल्या जातात. त्यांवर ‘सालाबादप्रमाणे यंदाही शारदीय नवरात्रोत्सव’ असे छापलेले असते, आणि त्या एका ओळीत हा शब्द दोनदा येतो : एकदा फारसीच्या वाटेने, एकदा संस्कृताच्या.