बिलाचा नंबर काय?

अमेरिकेतल्या आमच्या सिनेटरना एका शस्त्रसौद्याविरुद्ध चार ओळी कळवायच्या, एवढंच माझं काम होतं. सौदी अरेबियाला २८० क्षेपणास्त्रं, ६५ कोटी डॉलरचा सौदा. ४ नोव्हेंबर २०२१ ला काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, तशी सूचना गेली. १९७६ च्या कायद्यानं अशा सौद्याला हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. कामाचे नव्हेत, कॅलेंडरचे! थँक्सगिव्हिंगची सुट्टीही त्यातच.

वेबसाइटवरचा फॉर्म उघडला. 'विषय निवडा' मध्ये शेती होती, टपाल होतं, पेन्शन होतं, शस्त्रविक्री नाही. 'परराष्ट्र धोरण' निवडलं, तर पुढं लाल चांदणीवाली चौकट: विधेयक क्रमांक. रिकामी ठेवली तर फॉर्म पुढं सरकेना, 'लागू नाही' लिहिलं तरी सरकेना. फोन केला. एका कोवळ्या आवाजानं आधी झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, विचारला (पाठ ठेवा, नाहीतर तिथंच अडकाल), मग बिलाचा नंबर. म्हटलं, हे बिल नाहीच. इथं उलटं असतं: काँग्रेस गप्प बसली की सौदा आपोआप पुढं जातो, अडवायचा तर ठराव करावा लागतो. "ओके मॅम, पण नंबर?" तीन दिवस, तीन फोन, तोच प्रश्न. तिसऱ्यांदा तोंडातून "अरे बाळा" निघून गेलं. 'आधी सातबारा आणा' म्हणणारं गावचं कार्यालय सातासमुद्रापार भेटलं.

मग रँड पॉल, माइक ली आणि बर्नी सँडर्स या सिनेटरनी विरोधाचा ठराव आणला. त्याला नंबर मिळाला, ३१. त्या रात्री माझा फॉर्म दोन मिनिटांत गेला. कोण आनंद झाला!

खरी फट मात्र आधीच असते, हे मला मागाहून कळलं. जाहीर सूचनेआधी सौदा दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांच्या प्रमुखांना आणि तिथल्या अल्पमतातल्या पक्षाच्या ज्येष्ठ सदस्यांना अनौपचारिकपणे दाखवतात. त्यांच्यातला एकजण अडून बसला तरी प्रकरण महिनोन्महिने रखडू शकतं. तुमचे सिनेटर त्यांपैकी असतील तर घोषणेची वाट बघू नका.

नवरा म्हणत होता, "ठराव पास झाला तरी काय, राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो आहेच." २०१९ मध्ये ट्रम्पनी तसे तीन ठराव उडवले होते, त्यामुळं मला उत्तर सुचेना. इथं ती वेळच आली नाही. ७ डिसेंबरला ठराव समितीतून बाहेर काढायच्या प्रस्तावावरच बाजूनं ३०, विरोधात ६७. आमचे सिनेटर सदुसष्टांत.

जानेवारीत त्यांचं पत्र आलं. आपलं मत नोंदवलं आहे. हा विषय मतदानाला येईल तेव्हा ते जरूर लक्षात घेऊ.